रिकामा तळमजला

2024 च्या ऑगस्टअखेर बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. ओसरल्यावर सगळे आधी आपापल्या गाड्यांकडे धावले. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून असेल कदाचित, माझं लक्ष कोपऱ्यातल्या खांबाकडे गेलं. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत त्याचा गिलावा सुटला होता, काँक्रीटचा पापुद्राही निघाला होता आणि आतल्या सळया तांबडालाल दिसत होत्या. सळयांना वेढा घालणारी एक रिंग गंजून तुटलेलीच होती. इतका गंज चार दिवसांच्या पाण्यानं चढत नाही. तो वर्षानुवर्षं तिथं होता, पुरानं फक्त त्याच्यावरचं झाकण काढलं.

आमची इमारत 1988 सालची. तळमजला रिकामा, त्यावर चार मजले, सोळा बिऱ्हाडं. कारेलीबाग, वाघोडिया रोड, मांजलपूर, गोत्री, कुठल्याही रस्त्यानं जा, याच घडणीच्या इमारती रांगेनं दिसतील. सोसायटीच्या सभेत मी तो खांब दाखवला आणि म्हटलं, एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावू या. उत्तर आलं, "बेन, 2001 मां कंई थयुं नहोतुं, हवे शुं थवानुं?" म्हणजे, 2001 च्या भूकंपात काही झालं नाही, आता काय होणार? खांबावर सिमेंट फासलं गेलं आणि सभा नव्या गेटच्या रंगाकडे वळली.

बडोद्यात आज हजारो कुटुंबं हेच उत्तर धरून बसली आहेत, आणि ते चुकीचं आहे. म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे, की 2001 पूर्वी बांधलेल्या आणि खाली रिकामं पार्किंग असलेल्या प्रत्येक रहिवासी इमारतीची तपासणी महानगरपालिकेनं सक्तीनं करवून घ्यावी, आणि जिथं दोष निघेल तिथला तळमजला ठरावीक मुदतीत बळकट करायला लावावा. सोसायटीच्या मर्जीवर हे सोडलं तर ते कधीच होणार नाही. आमची सभा त्याचा पुरावा आहे.

26 जानेवारी 2001, शुक्रवार, सकाळी पावणेनऊ. मी तेव्हा इथल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत होते. झेंडावंदन नुकतंच झालं होतं. आधी पायाखाली बारीक थरथर झाली, जवळून मालगाडी जावी तशी. ती कशाची हे कळायच्या आत, अर्ध्या मिनिटाहून थोड्या जास्त अवधीनं, दुसरा प्रकार सुरू झाला: मैदानच सावकाश हेलकावू लागलं, झेंड्याचा खांब डोलायला लागला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, मला चक्कर येतेय." चक्कर सगळ्या शाळेला येत होती.

त्या अर्ध्या मिनिटाचं गणित मी नंतर कितीतरी वर्षं फळ्यावर मांडलं. भूकंपाचं केंद्र कच्छातल्या भचाऊजवळ, बडोद्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर. तिथून प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटरनं येतात, त्या खडकाला पुढंमागं दाबत येतात. दुय्यम लहरी साडेतीनच्या आसपास वेगानं येतात आणि खडकाला आडवं हलवत येतात. अंतर वाढेल तशी दोघींमधली तफावत वाढते. या लहरी भूकंपयंत्रांच्या नोंदींत नीट वेगळ्या ओळखल्या त्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी. ते आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी होते. 12 जून 1897 च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास करताना त्यांना हे उलगडलं, आणि 1906 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की पृथ्वीच्या पोटात एक वेगळा गाभा आहे. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. गाभ्याच्या पलीकडे त्या पोचत नाहीत, यावरून पुढं कळलं की सुमारे 2,900 किलोमीटर खोलीनंतर द्रव सुरू होतो. 1936 मध्ये इंगे लेमान या डेन्मार्कच्या विदुषीनं त्या द्रवाच्याही आत एक घन गोळा असल्याचं ओळखलं. माणसानं खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला इथलं, 12 किलोमीटरच्या जरा पुढं जाणारं. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर. म्हणजे आत काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही, भूकंपांनीच ते सांगितलं. हा धडा शिकवताना मला दर वर्षी नव्यानं आनंद व्हायचा. आता तो आठवला की वाटतं, पाच हजार किलोमीटर खालच्या लोखंडाविषयी आपण इतकं जाणतो, आणि ज्या लोखंडावर आपली पोरं झोपतात त्याच्याकडे वाकून बघत नाही.

आता "2001 ला काही झालं नाही" याकडे येते. बडोद्यात फारसं झालं नाही, खरं आहे. पण अहमदाबाद केंद्रापासून काही जवळ नव्हतं. तेही सुमारे 240 किलोमीटरवर. तिथं सुमारे साडेसातशे माणसं गेली. सगळ्या गुजरातेत मृतांचा अधिकृत आकडा 13,800 च्या वर आहे, त्यातली बहुतेक कच्छातली. अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रभातफेरी काढणारी मुलं झेंडे हातात असतानाच दोन्ही बाजूंच्या भिंतींखाली गेली. कच्छात जे झालं ते केंद्राजवळचं होतं, तिथं जमिनीचा जोरच अफाट होता. अहमदाबादचं तसं नाही. तिथल्या पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीत बसवलेल्या यंत्रानं जो कमाल झटका नोंदवला तो गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा होता. नीट बांधलेल्या इमारतीनं एवढा झटका सोसायलाच हवा. शेजारच्या इमारतींनी तो सोसला. ज्या बसल्या त्या बहुतेक तळ अधिक चार मजल्यांच्या, खाली पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या. आमच्यासारख्या.

आणखी एक गोष्ट आमच्या सभेत कोणालाच माहीत नव्हती. भूकंपाच्या सरकारी नकाशात कच्छ पाचव्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या क्षेत्रात होतं, आणि अहमदाबाद तिसऱ्यात, मध्यम धोक्याच्या. बडोदं त्याच तिसऱ्या क्षेत्रात. नकाशाच्या रंगावर विसंबून राहणाऱ्यांनी किल्लारीही आठवावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जिथं दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं झोपेतच गेली, तो लातूरचा भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. 2002 मध्ये ते पहिलं क्षेत्रच नकाशातून काढून टाकलं.

लोकांना वाटतं, भूकंप हिमालयाचा, फार तर कच्छचा. भारताचा भूपट्ट दरवर्षी सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. सयाजीराव महाराज 1875 साली गादीवर आले, तेव्हापासून आपलं बडोदं, सुरसागर आणि मांडवीसकट, सातेक मीटर सरकलं असेल. समोर आशियाचा भूपट्ट आडवा आहे. त्या रेट्यातला बराचसा हिमालय पेलतो, पण सगळा नाही. पट्टाच्या पोटात जिथं जिथं जुन्या जखमा आहेत तिथं तो रेटा जाऊन साठतो. कच्छची खचदरी ही गोंडवनाचा महाखंड फुटत असतानाची जखम. तेव्हा जे भ्रंश, म्हणजे खडकातल्या भेगा, ताणले जाऊन खाली घसरले होते, तेच आता दाबाखाली उलटे वर चढतात. 1819 मध्ये तसंच झालं आणि रणात अल्लाह बंध नावाचा लांबलचक मातीचा उंचवटा एका झटक्यात उभा राहिला. 1956 मध्ये अंजार, 2001 मध्ये भचाऊ.

अशा जखमा फक्त कच्छात नाहीत. एक नर्मदेच्या काठाकाठानं जाते. 23 मार्च 1970 ला भरूचला भूकंप झाला, 5.4 चा, म्हणजे तसा लहानच, तरी घरं पडली आणि माणसं दगावली. भरूच इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. त्याच नर्मदेच्या पट्ट्यात 1997 च्या मे महिन्यात जबलपूर हादरलं. दुसरी जखम खंभातची, आणि बडोदं तिच्या पूर्व काठावर बसलेलं आहे. इथल्या लोकांना ती वेगळ्या नावानं ठाऊक आहे: तेल. खंभातचं खोरं खचत गेलं, त्यात डेक्कनच्या लाव्ह्यावर किलोमीटर-किलोमीटर जाडीचा गाळ साचला आणि त्या गाळात तेल आणि वायू मुरले. अंकलेश्वरचं तेल, कोयलीची रिफायनरी, मकरपुऱ्याची ओएनजीसी, शहरातल्या कितीतरी घरांचे पगार, हे सगळं त्या खचण्याचंच देणं. उद्या इथं कच्छएवढा भूकंप होईल असं मी म्हणत नाही. कोणी तारीख सांगत असेल तर तो खोटं बोलतो, भूकंपाचा दिवस आणि वेळ सांगण्याची विद्या जगात कोणाकडेही नाही. माझा मुद्दा साधा आहे: अहमदाबादेतल्या इमारती पाडायला 240 किलोमीटरवरचा भूकंप पुरला. आपल्या इमारतींना त्याहून जास्त कशाची गरज नाही.

दूरचा भूकंप जवळचा करून देणारी एक गोष्ट आपल्या पायाखाली आहे. विश्वामित्री, मही, ढाढर यांनी आणून टाकलेली माती. खडकातून आलेली लाट मऊ, जाड थरांत शिरली की मंदावते आणि तिचा हेलकावा मोठा होतो. 19 सप्टेंबर 1985 ला मेक्सिको शहरात हेच झालं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर, पण शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला, आणि शेकडो इमारती त्याच भागात पडल्या. आपली माती तिथल्यासारखी चिखलाची नाही, हे खरं. पण ती पावागडचा खडकही नाही.

मग रिकामा तळमजलाच का पडतो? माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात एक घडवंची होती. तिच्यावर तांब्यापितळेची सगळी भरलेली भांडी. घडवंचीला धक्का लागला तर वरची भांडी एकमेकांवर आपटत नसत, त्यांची उतरंड तशीच्या तशी राही. हलायचे ते फक्त चार पाय. इमारतीचं तसंच. वरच्या चार मजल्यांत खोल्याखोल्यांच्या विटांच्या भिंती असतात, त्यामुळे वरचा भाग मिळून एकच कडक पेटी होते. खाली भिंत नाही, फक्त खांब. जमीन आडवी हलली की सगळा हेलकावा त्या एका मजल्याच्या खांबांनी एकट्यानं पचवायचा. त्यात 1980 च्या दशकातले खांब बारीक. चटईक्षेत्रात बाल्कनी आणि खोल्या बाहेर काढायच्या म्हणून वरचे काही खांब खाली थेट जमिनीपर्यंत येतही नाहीत, तुळईच्या टोकावर टेकलेले असतात. आणि वर गच्चीवर पाण्याच्या टाक्या.

खांबाच्या पोटातली रिंग हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ही रिंग आतलं काँक्रीट आवळून धरते. 1993 च्या भारतीय मानकात तिचं टोक 135 अंशांत वाकवून काँक्रीटच्या गाभ्यात रोवायला सांगितलं आहे. साइटवर बहुतेकदा ते 90 अंशांतच मोडून सोडलं जायचं, कारण तेवढं वळवणं सोपं. फरक अंगठ्याएवढ्या लोखंडाचा. पण खांब हेलकावू लागला की 90 अंशांची रिंग उलगडते, काँक्रीट बाहेर फुटतं आणि सळया धनुष्यासारख्या वाकतात. 2001 नंतर, 2002 च्या सुधारित मानकानं तर मऊ मजल्याचे, म्हणजे अशा रिकाम्या तळमजल्याचे, खांब आणि तुळया अडीचपट जोर धरून आखायला सांगितलं. शहाणपणाचा नियम. पण तो नव्या इमारतींना लागू झाला. जुन्यांना कोणी विचारलंच नाही.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2001 मध्ये अहमदाबादच्या जुन्या पोळांमधली, म्हणजे गल्लीवस्त्यांमधली, लाकडी सांगाड्याची घरं नव्या काँक्रीटच्या मानानं चांगली टिकली. कच्छात भुंगा म्हणतात ती मातीची गोल घरं पडली नाहीत. आमच्या रावपुऱ्यातल्या वाड्याला सागवानी खांब आणि तुळया होत्या, मधे विटांचं बांधकाम. तो वाडा वाळवीनं आणि वाटण्यांनी गेला, भूकंपानं नव्हे. जुनं ते सगळं सोनं असं मला म्हणायचं नाही, वाड्यांच्या सडलेल्या तुळयांचीही तपासणी हवीच. पण हलणं सोसायचं तंत्र आपल्या लोकांना माहीत होतं आणि काँक्रीट आल्यावर आपण ते विसरलो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

या मागणीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप पैशांचा नाही, पुराचा आहे, आणि तो मला एका शेजारणीनं घातला. त्या म्हणाल्या, "बाई, खाली रिकामं होतं म्हणून तर आपण वाचलो. पाणी पार्किंगमध्ये राहिलं. खाली घरं असती तर?" हे खोडता येत नाही. विश्वामित्रीच्या शहराला रिकामा तळमजला हवाच आहे. पूर म्हणतो मोकळं सोडा, भूकंप म्हणतो भरून काढा, आणि आमच्याकडे दोन्ही आहेत. म्हणून अहमदाबादेत 2001 नंतर काहींनी केलं तसं खांबांमधल्या सगळ्या मोकळ्या जागा विटांनी बुजवून टाकणं इथं चालणार नाही. पण मोकळं म्हणजे लेचंपेचं असायला हवं असं कुठं आहे? निवडक दोन-चार जागी आडवा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती घालता येतात. नदीचं पाणी ज्या दिशेनं येतं त्या दिशेला समांतर त्या ठेवल्या तर पाणी जातं. दुसऱ्या दिशेनं लोखंडी कैच्या, म्हणजे खांबांमधले तिरपे दांडे, बसवता येतात, त्यांच्यातून पाणी तर जातंच, स्कूटरही दिसते. खांबाभोवती नव्या सळया आणि नवं काँक्रीट घालून त्याला जाड करता येतं, त्याला इंजिनियर जॅकेटिंग म्हणतात. आणि हे करताना खांबाचा पुराच्या पाण्यात बुडणारा भाग गंजापासून राखता येतो. कुठं काय करायचं हे इमारत पाहून ठरवावं लागतं, प्रत्येकीला एकच औषध नाही. 2013 पासून जुन्या काँक्रीट इमारतींच्या तपासणीचं आणि बळकटीचं स्वतंत्र भारतीय मानकही आहे. ज्ञान कमी नाही.

दुसरा आक्षेप: पुनर्विकास होणारच आहे, मग आत्ता खर्च कशाला? गुजरातेत 25 वर्षांहून जुन्या इमारतीचा पुनर्विकास 75 टक्के सभासदांच्या संमतीनं होऊ शकतो, त्यावर सगळे डोळे लावून बसलेत. अलकापुरीत बिल्डर येईल. जिथं जागेचा भाव कमी तिथं तो येणार नाही, किंवा वीस वर्षांनी येईल. वीस वर्षं ही थट्टेची गोष्ट नाही.

खर्चाचं मी हलक्यानं घेत नाही. आमच्या इमारतीत पेन्शनवर जगणारे सहा जण आहेत, मी त्यांतली एक. म्हणून सक्ती करायची तर सोबत हात द्यायलाही हवा: बळकटीचं काम झालेल्या इमारतीला काही वर्षं मालमत्ता करात सूट, सोसायटीच्या नावावर लांब मुदतीचं स्वस्त कर्ज, आणि तपासणीची फी पालिकेनं भरायची. लॉस एंजेलिसनं 2015 मध्ये जुन्या मऊ मजल्याच्या इमारती बळकट करण्याची सक्ती केली, सॅन फ्रान्सिस्कोनं त्याच्याही आधी, 2013 मध्ये. तिथल्या इमारती लाकडी सांगाड्याच्या, आपल्या काँक्रीटच्या, काम वेगळं. पण आजार तोच, खाली गाड्या आणि वर माणसं. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात अशाच एका इमारतीत 16 जण गेले. तिथंही घरमालकांनी आपणहून काही केलं नव्हतं. कायदा झाला तेव्हा केलं.

पालिका म्हणेल, इतक्या इमारती बघायला माणसं कुठून आणायची? माणसं आहेत. महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन उघडलं ते कारागिरी आणि तंत्र इथल्या मुलांच्या हाती यावं म्हणून. तेच आज विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना शिक्षकांच्या देखरेखीखाली एका छापील फॉर्मसह पाठवा. पहिली पाहणी बाहेरूनच होते: खाली भिंती आहेत की नाहीत, खांब किती आणि केवढे, वरचा कुठला खांब अधांतरी आहे का, गंज दिसतो का, गच्चीवर किती ओझं आहे. एका इमारतीला तास-दीड तास. त्यातून ज्या संशयास्पद निघतील त्यांच्याकडेच मग अनुभवी इंजिनियर यंत्रं घेऊन जाईल. सुरुवात विश्वामित्रीच्या दोन्ही काठांच्या वॉर्डांपासून व्हावी, कारण तिथल्या खांबांना माती मऊ आणि पाणी वारंवार, दोन्ही भोगावं लागतं.

आणि जे निघेल ते जाहीर करा. इमारतीच्या दरवाज्यावर लावा, फ्लॅटच्या विक्रीच्या कागदपत्रांना जोडा. याला सर्वात जोराचा विरोध होईल, कारण भाव पडतील. आमच्या सभेत गंज झाकण्यामागं हीच भीती होती, कोणी बोलून दाखवली नाही इतकंच. पण ज्या तरुण जोडप्यानं आयुष्यभराचं कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, त्यांना खालचे खांब कसे आहेत हे माहीत असण्याचा हक्क आहे की नाही? 2025 च्या जुलैत महीवरचा गंभीरा पूल पडला आणि गाड्या नदीत गेल्या. त्या दिवशी भूकंप नव्हता. त्या सकाळी पुलावर चढलेल्या एकालाही पुलाची अवस्था लिहिलेला कागद दिसला नव्हता.

आमच्या इमारतीला तळमजल्यावर अठरा खांब आहेत. मी गेल्या महिन्यात मोजपट्टी घेऊन सगळ्यांचं माप घेतलं. नऊ इंच रुंद, पंधरा इंच लांब, आणि बहुतेक सगळ्यांची लांब बाजू एकाच दिशेला. म्हणजे दुसऱ्या दिशेनं धक्का आला तर बहुतेक सगळे आपल्या दुबळ्या बाजूनं तोंड देणार. सातांच्या पायाशी तडे आहेत. हा कागद मी सोसायटीला दिला आहे आणि एक प्रत वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घेतली आहे. पुढच्या सभेत विषय पुन्हा मांडणार आहे. या वेळी शेजारीण माझ्या बाजूनं बोलणार आहे. तिची अट एकच आहे, पाण्याला वाट राहिली पाहिजे.